बाबांना आधी ऐकू यायचं

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. उलट इथे कुणी असलं काही लिहिलं की खोचक कमेंट टाकणारी मीच! त्यामुळे आता तुम्ही माझी थट्टा केलीत तरी चालेल...

विरार पूर्व, मनवेलपाडा, तिसरा मजला. घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा वसईचे वाडीवाले, सगळा जन्म केळी-नारळात गेलेला. स्ट्रोकनंतर त्यांची वाचा गेली आणि ओळखही. मी घास भरवायचे, तेव्हा परक्या बाईकडे बघावं तसे बघायचे. त्यांनी एकदा मला हाक मारावी, एवढंच हवं होतं.

मी घरूनच एका खगोल संशोधन गटासाठी प्रोग्रॅमिंग करते. आमची नजर एका मॅग्नेटारवर असते. मॅग्नेटार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकार एखाद्या शहराएवढा, पण चुंबकशक्ती अशी भयंकर की त्याचं स्वतःचंच कवच तडकतं आणि क्षणभर क्ष-किरणांचा भडका उडतो. उपग्रहाने तो टिपला की माझ्या फोनवर अलर्ट येतो.

एका दुपारी बाबा अचानक बोलले, "पडला."

वाडीत नारळ पडल्याचा आवाज आला की ते घरातून असंच ओरडायचे आणि लहानपणी मी "आणते!" म्हणत धावायचे. इथे बिल्डिंगजवळ नारळाचं एकही झाड नाही. तरी सवयीने म्हटलं, "आणते, बाबा." तेवढ्यात फोन वाजला. अलर्ट!

योगायोग म्हणून सोडून दिलं. पण पुढच्या भडक्याला पुन्हा तेच... फोन सायलेंट करून स्वयंपाकघरात ठेवला, तरी आधी बाबा, मग अलर्ट. गटातल्या मैत्रिणीला सांगितलं.

"अगं, तो प्रकाश हजारो वर्षं प्रवास करून येतो," ती म्हणाली. "त्याच्याआधी कुणाला खबर कशी लागेल? तू जरा झोप काढ."

काढली. फरक शून्य.

खरं सांगू? भीती नाही वाटली, हेवा वाटला. इतक्या लांबचं त्यांना ऐकू येत होतं आणि उशाशी बसलेल्या माझं काहीच नाही!

शेवटच्या दिवसांत एकदा ते "पडला" म्हणाले. मी "आणते" म्हणून उठले, तर त्यांनी हात धरला.

"नको जाऊ, बाय. बस इथंच."

लेकीला ते बायच म्हणायचे. मी बसले आणि हमसून हमसून रडले. फोन वाजला, तो बघितलासुद्धा नाही.

बाबा गेले. तो तारा अजून अधूनमधून भडकतो. त्यांना कसं कळायचं, ते मला आजही सांगता येत नाही, मैत्रिणीलाही नाही. घर अगदी शांत असतं. आता अलर्ट आला की तेव्हाच मला कळतं... सगळ्यांसारखं.