यामिनी चौगुलेची चौदा महिन्यांची नोकरी

अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आमच्या वस्तीत निदान नऊ घरांच्या दारावर यामिनी चौगुलेनं कापलेली नावाची लोखंडी पाटी आहे. आमच्याही दारावर आहे. एकाही पाटीचे तिनं पैसे घेतले नाहीत, कारण तिला ते घेताच येत नव्हते. ती ऋषीच्या, म्हणजे नवऱ्याच्या, व्हिसावर आली होती. त्या व्हिसावर इथे राहता येत होतं, मुलगी वाढवता येत होती, कमावता मात्र येत नव्हतं. अशी नऊ वर्षं गेली.

यामिनी कोल्हापूरची. उद्यमनगरात तिच्या वडिलांचं, अण्णांचं, गेट-ग्रिलचं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की ती तिथे जाऊन पत्र्यावर खडूनं वेलबुट्टी काढायची आणि कारागीर तिच्या रेघेवरून कापायचे. पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तेव्हा तिला वाटलं होतं की आता आपणच वर्कशॉप बघायचं. अण्णांनी ते धाकट्या भावाच्या नावावर केलं आणि हिचं लग्न ठरवलं. भावानं तीन वर्षांत मशिनं विकून तिथे टाइल्सची शोरूम काढली.

ऋषी तसा शांत माणूस. तिच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्यानंच तिला हातात धरायचा प्लाझ्मा कटर आणून दिला. पिस्तुलासारखी मूठ, तिच्या टोकातून विजेनं तापलेल्या हवेचा बारीक झोत निघतो आणि जाड पत्राही वितळून तुटतो. तिच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा तिनं मला काळ्या काचेचा मुखवटा घालायला लावला.

"ठिणग्या खाली पडल्या पाहिजेत," ती म्हणाली. "वर उडायला लागल्या की समज, हात घाईत आहे. आणि फार सावकाश गेलीस तर वितळलेलं लोखंड खालून चिकटून बसतं. मग बसा ठोकत."

काही महिन्यांत तिचा हात इतका बसला की ती खडूची रेघही मारेनाशी झाली. आणि मग लोक यायला लागले. "यामिनी, गृहप्रवेशाला काहीतरी युनिक हवंय गं." "आमच्या बॅकयार्डला एक मोर करून दे ना यार." ती देत गेली. मी तेव्हा इथल्या महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी होते. एका गणपतीला तिनं आठ फुटांची जास्वंदीची कमान कापली, दीड महिना खपून. आभाराच्या स्लाइडवर मी लिहिलं, 'सजावट : ऋषी चौगुले परिवार'. ऋषीनं स्पॉन्सरशिप दिली होती म्हणून तसं लिहिलं. यामिनीनं ते वाचलं आणि पोहे वाढायला निघून गेली.

मग ऋषीचे ग्रीन कार्डचे कागद एक पायरी पुढे सरकले आणि तिला वर्क परमिट मिळालं. परमिट हातात आलं त्याच आठवड्यात ती तासाभराच्या अंतरावरच्या एका वर्कशॉपमध्ये गेली. डेल नावाच्या म्हाताऱ्याचं. बागेची गेटं, पाट्या, शोभेची कामं. त्यानं तिच्यासमोर पत्रा टाकला आणि सांगितलं, मनाला येईल ते काप, रेघ मारायची नाही. तिनं बगळा कापला. इथल्या तळ्यावर काठाला उभे असतात तसा, एक पाय उचललेला. डेलनं तो हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं. म्हणाला, "सोमवारी सातला ये."

घरी मात्र ऋषी म्हणाला, "यामू, गॅरेजमध्ये ठीक आहे गं. पण जॉब म्हणून? एखादा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर ना. घरबसल्या काम मिळेल."

अण्णांना तरी आनंद होईल म्हणून तिनं कोल्हापूरला फोन लावला. अण्णा म्हणाले, "पोरी, मी जन्मभर डोळं जाळून घेतलं ते तू पण जाळून घ्यावंस म्हणून न्हवं. लोकास्नी काय सांगू मी? पोरगी अमेरिकेत जाऊन पत्रा कापतीया म्हणून?"

माझ्याकडे आली तेव्हा मीही म्हणाले, "पार्ट टाइम बघ की एखादं." तिनं माझंही ऐकून घेतलं. आणि सोमवारी सातला हजर झाली.

चौदा महिने तिनं ती नोकरी केली. वर्कशॉपमधली माणसं सुरुवातीला तिला 'मिनी' म्हणायची. ती दर वेळी दुरुस्त करायची. तिसऱ्या महिन्यात सगळे नीट 'यामिनी' म्हणू लागले, हे तिनं मला दोनदा सांगितलं. तिची तेरा वर्षांची मुलगी इशिता मात्र एकदा गाडीत बसताना म्हणाली, "मॉम, कॅन यू प्लीज चेंज बिफोर यू पिक मी अप?" मैत्रिणींना तिनं सांगून ठेवलं होतं की आई डिझाइनमध्ये आहे. हळदीकुंकवाला यामिनी उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा ब्लाउज घालायची. एकदा बाही वर सरकली आणि कुणीतरी विचारलं, "अगं बाई, हे काय? तेल उडालं का?"

"हो ना," ती म्हणाली. मी शेजारीच बसले होते.

परमिटची मुदत संपत आली. नवं यावं म्हणून अर्ज वेळेत गेला होता, पण ते आलं नाही. शेवटच्या शुक्रवारी डेल म्हणाला, "कागदाशिवाय मी तुला आत घेऊ शकत नाही. आला की ये."

त्या दिवशी तिच्या घरात कुणालाच वाईट वाटलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ऋषी म्हणाला, "जाऊ दे, जरा रेस्ट घे. हात तरी बरे होतील." अण्णा फोनवर म्हणाले, "बरं झालं." मी शिऱ्याचा डबा घेऊन गेले आणि म्हणाले, "होतं ते चांगल्यासाठीच होतं."

"कुणाच्या?" तिनं विचारलं. डबा तसाच ओट्यावर राहिला.

सात महिन्यांनी परमिट आलं. ती तशीच गाडी काढून डेलकडे गेली. तिच्या जागेवर आता एक लांबलचक टेबल होतं. त्यावर कॉम्प्युटरनं चालणारं मशीन आपोआप पत्रा कापत होतं. आणि कापत होतं तो बगळा. तिचाच, एक पाय उचललेला. एका पत्र्यातून बारा निघत होते.

"तीन महिने थांबलो," डेल म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. "ऑर्डरी थांबत नाहीत. हा लोकांना फार आवडतो बघ. स्कॅन करून घेतला." तिला आनंद होईल असंच त्याला वाटत होतं. आता काम होतं ते टेबलावरचे तुकडे उचलायचं, कडांना चिकटलेलं लोखंड ठोकून काढायचं आणि खोक्यात भरायचं. तिनं ते चार दिवस केलं. पाचव्या दिवशी गेली नाही.

मी चिडले. "तुझं डिझाइन आहे ते. बोल ना काहीतरी!"

"परीक्षेला काढला होता मी तो, नेत्रा," ती म्हणाली. "परीक्षेचा पेपर कुणी परत मागतं का?"

तिनं टेस्टिंगचा कोर्स केला. आता ती वरच्या खोलीत बसून एका कंपनीसाठी काम करते. पगार चांगला आहे. अण्णा तिकडे सगळ्यांना सांगतात. पाहुणे आले की ऋषी भिंतीवरची लोखंडी कमळं दाखवतो आणि "आमच्या मॅडमची कला," असं खरंच अभिमानानं म्हणतो. ती चहा आणायला आत जाते.

गेल्या महिन्यात तिनं कटर विकायला काढला. ऋषी दुखावला. "मी गिफ्ट दिलं होतं ते," तो म्हणाला. ती म्हणाली, "म्हणूनच इतके दिवस ठेवलं." शनिवारी सकाळी शेजारच्या केरी गावाहून एक माणूस आला. कटरला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर जड असल्यानं उचलायला मीही हात लावला. त्यानं मूठ हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिली.

"किती वापरलाय?" त्यानं विचारलं.

"फारसा नाही," यामिनी म्हणाली. "हॉबीपुरता."

त्याची गाडी वळेपर्यंत आम्ही दोघी ड्राइव्हवेवर उभ्या होतो.  मग तिनं घड्याळ पाहिलं. शनिवार असला तरी तिची दहाला मीटिंग होती, नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज अडकला होता. गॅरेजचं दार खाली ओढून ती वर गेली.