आई गिटार काढणार आहे

नवऱ्याच्या निवृत्तीमुळे दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडायचं ठरलं तेव्हा घरात नऊ गिटारी होत्या. तीन दिवाणाखाली, दोन कपाटावर, एक दारामागे, एक नवऱ्याच्या फायलींच्या रॅकला टेकून, एक मुलीच्या खोलीत तिच्या ओढण्यांखाली आणि एक मागच्या बाल्कनीत. मयूर विहारचा फ्लॅट दोन खोल्यांचा, चौथ्या मजल्यावर. तिथे जाऊन टेपने मोजून पाहिलं. दोन गिटारी बसत होत्या. तिसरी ठेवली तर कपाटाचं दार उघडत नव्हतं.

सात जाणार हे त्यामुळे ठरलेलंच होतं. कुठल्या सात, एवढाच प्रश्न होता. पण घरात प्रत्येकाने धरून चाललं होतं की मी वाजवणंच सोडते आहे. गिटारी कमी करणं आणि गिटार सोडणं या दोन वेगळ्या बातम्या आहेत. इथे दोन्हींना एकच मथळा लागला होता.

तसं धरायला कारण होतं. मी एकतीस वर्षं एका वृत्तसंस्थेच्या मराठी डेस्कवर काम केलं आणि जवळपास तितकीच वर्षं दिल्लीतल्या मराठी कार्यक्रमांत गिटार वाजवली. विदर्भ-मराठवाड्यातून सरकारी नोकरीसाठी इथे आलेली आमच्यासारखी बौद्ध कुटुंबं एप्रिलमध्ये जयंती करतात. त्या स्टेजवर डाव्या बाजूला, ढोलकीच्या मागे, माझी जागा होती. दोन वर्षांपूर्वी जयंती मंडळाने वादक बंद करून ट्रॅक आणला. म्हणजे सगळं संगीत आधीच रेकॉर्ड केलेलं, गायकाने समोर उभं राहून त्यावर गायचं. त्या वर्षी मंडळाचे कार्यवाह घरी आले. म्हणाले, "ताई, यंदा तुम्हाला काही त्रास नाही. पहिल्या रांगेत बसायचं फक्त. तुमचा सत्कार ठेवलाय."

शाल, पुस्तक आणि गुलाबाचं फूल मिळालं. ज्याला पुन्हा बोलवायचं नसतं त्याचा सत्कार करतात. सत्काराच्या शेकडो बातम्या मी स्वतः लावल्या होत्या, तरी हे मला खुर्चीत बसल्यावर कळलं.

डिसेंबरात एका दुपारी जेवण झाल्यावर गिटारींचा विषय निघाला. नवरा म्हणाला, "ती स्पेनवाली ठेव. आठवण म्हणून. नव्या हॉलमध्ये भिंतीवर छान दिसेल."

ही नायलॉनच्या तारांची गिटार त्याने एका सरकारी प्रशिक्षणाहून येताना विमानात मांडीवर धरून आणली होती.

"दिसेल," मी म्हणाले.

"आणि ती लाल देऊन टाक. तिला लाईट लागते, ॲम्प लागतो. तिथे सोसायटी आहे, क्वार्टर नाही. तशीही ती दोन वर्षं बंदच आहे."

"बिल्कुल," मुलगी म्हणाली. ती गुरुग्रामला नोकरी करते, तिचा जन्म आणि शाळा इथलीच. "आणि खरं सांगू आई? या एजला लाल इलेक्ट्रिक गिटार, थोडं ऑड वाटतं यार."

"कुणाला?"

"जनरली."

"जनरली कोण?"

"अच्छा बाबा, सॉरी."

निनावी सूत्राला डेस्कवर आम्ही जागा देत नसू. मी उठले आणि नऊच्या नऊ गिटारी हॉलमध्ये मांडल्या. कसोटी एकच ठेवली होती. हाताच्या घामाने तारांना गंज चढतो, आणि जी गिटार वाजते तिच्याच तारा माणूस बदलतो. नवऱ्याला सांगितलं, प्रत्येक गिटारच्या तारांवरून एकदा बोट फिरव. सात गिटारींवर त्याचं बोट काळं झालं. स्पेनवालीच्या नायलॉनच्या तारांना गंज धरत नाही, पण तिच्या जाड तारांवर चांदीसारखी बारीक तार गुंडाळलेली असते, ती काळवंडली होती. दोन गिटारींवर बोट स्वच्छ राहिलं. एक नई सडकेच्या बाजारातून घेतलेली साधी तपकिरी. दुसरी लाल.

तो बोटाकडे बघत राहिला. "ही कधी वाजवतेस?"

"रोज सकाळी. मागच्या बाल्कनीत. वायर न लावता."

"मला कधी आवाज आला नाही."

इलेक्ट्रिक गिटार ॲम्पला जोडली नाही तर दोन हातांपलीकडे ऐकू येत नाही. मी लपवत नव्हते. पण मोठ्याने वाजवायला कुणी बोलावतही नव्हतं.

यादी ठरली: दोन राहणार, सात जाणार. मुलगी म्हणाली, "मी डालते ना ग्रुपवर. मराठीतच लिहिते." ग्रुप म्हणजे आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांचा. तिने स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्या लिहिलं आणि पाठवलं. मला ते ताकाचं भांडं घासून झाल्यावर दिसलं.

"नमस्कार. आई येत्या रविवारी गिटार काढणार आहे. ज्यांची इच्छा आहे त्यांनी संध्याकाळी सहा वाजता घरी यावे."

"हे काय लिहिलंयस?"

"का? काढणार आहेस ना? निकाल रही हो."

"अगं, मराठीत पेटी काढली म्हणजे वाजवायला बसले. गिटार काढणार म्हणजे मी वाजवणार."

"मग निकालना कसं म्हणायचं?"

"काढून टाकणं. नाहीतर विकायला काढणं."

"टाकणं म्हणजे फेकणं ना? गिटार कोण फेकतं, आई?"

तिच्या बाजूने तर्क बरोबर होता. नवरा सोफ्यावर पेपर तोंडापुढे धरून हसत होता, पेपर हलत होता.

मी दुरुस्ती लिहायला घेतली. आधीच्या संदेशात 'काढणार आहे' याऐवजी 'विकायला काढणार आहे' असे वाचावे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. पाठवण्याआधी वर आलेली उत्तरं वाचली. टाळ्या वाजवणारे हात होते. एकाने लिहिलं होतं, "निरोपाचा कार्यक्रम! जरूर येणार." त्याखाली कुणाच्या तरी सुनेने विचारलं होतं, "वा! काकू अजून वाजवतात?"

त्यातला 'अजून' मी दोनदा वाचला. मग दुरुस्ती खोडली.

चुकीचा मजकूर माहीत असून तसाच जाऊ देण्याची एकतीस वर्षांत ही पहिली वेळ.

"तो अब?" मुलीने विचारलं.

"अब काय. रविवारी सहा वाजता गिटार काढणार आहे. छापून आलंय."

मधल्या पाच दिवसांत मी रोज तीन तास बसले. थंडीत बोटं आखडतात, म्हणून आधी गरम पाण्याच्या तांब्याभोवती हात धरायचे. डाव्या हाताची करंगळी पूर्वीइतकी पोचत नव्हती. जिथे पोचत नव्हती तिथे सूर बदलून घेतले. शनिवारी पहिल्यांदा ॲम्प लावला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या तमिळ बाई खाली आल्या. मला वाटलं तक्रार. पण बातमी मराठी ग्रुपबाहेरही पोचली होती. त्या म्हणाल्या, "कल है ना? हम भी आएँगे."

रविवारी तेवीस माणसं आली. क्वार्टरच्या हॉलमध्ये पंधरा मावतात. बाकीची आतल्या खोलीत आणि जिन्याच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर बसली. अकोल्याच्या एक निवृत्त शिक्षिका समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात, तीस वर्षं जयंतीला गायच्या. ट्रॅक आल्यापासून त्याही पहिल्या रांगेत. त्या स्टीलच्या डब्यात चिवडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गुडघा दुखत असताना तीन मजले चढलेय. नीट वाजव, नाहीतर डबा परत नेईन." त्यांच्याबरोबर त्यांची भाची होती. बीडकडची, राजेंद्र नगरला राहून यूपीएससीची तयारी करणारी. कार्यवाह सगळ्यांत शेवटी आले. त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीतून शालीची किनार दिसत होती.

आधी तपकिरीवर दोन गाणी वाजवली. मग लाल घेतली आणि शिक्षिकाबाईंना म्हणाले, "उठा."

"मला नको गं, घसा बसलाय."

"घसा बसलाय, तुम्ही उठा."

जयंतीचं जुनं गाणं होतं, खोलीतल्या सगळ्यांना पाठ. दुसऱ्या कडव्याला माझी एक तार चुकीच्या जागी दाबली गेली. एक पूर्ण ओळ बेसूर गेली. बाई थांबल्या नाहीत, मीही थांबले नाही. तिसऱ्या कडव्याला जिन्यावरची माणसं गात होती.

टाळ्या संपायच्या आत कार्यवाह उभे राहिले. "ताई, या वयात! कमाल आहे." पिशवीतून शाल निघाली. "आज निरोपाचा छोटासा सत्कार..."

"शाल आहे माझ्याकडे. तुम्हीच दिली होती."

लोक हसले. तेही हसले. "तसं नव्हे हो. आणि एक विनंती आहे. ही लाल गिटार मंडळाला द्या. हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवू, खाली तुमचं नाव. सन्मानाने."

"ती मला एप्रिलला लागणार आहे."

"एप्रिलला ट्रॅक आहे, ताई. ट्रॅकमध्ये गिटार आहेच."

"मग ट्रॅकमधली काढा."

पहिली हसली ती आमची मुलगी, स्वयंपाकघराच्या दारातून. या वेळी तिला शब्दाचा अर्थ बरोबर लागला होता.

कार्यवाह वाईट माणूस नाहीत. कार्यक्रम वेळेत संपवणं ही त्यांची जबाबदारी असते, हॉल नऊ वाजता रिकामा करावा लागतो. ते हलक्या आवाजात म्हणाले, "रागावू नका, पण ट्रॅकमध्ये चूक होत नाही. आता दुसऱ्या कडव्याला..."

"चुकलं. माझंच चुकलं."

"आणि मी कुठं सुरात होते?" शिक्षिकाबाई म्हणाल्या. "द्या ती शाल इकडे, माझाही करून टाका सत्कार. दोघी एकदम मोकळ्या होतो."

"बाई, तुम्ही पण..."

"गेल्या वर्षी काय झालं ते सांगा ना. तुमचा गायक ट्रॅकच्या दोन ओळी आधीच संपला. मग नमस्कार करून उभा. मागे संगीत चालूच."

खोलीतल्या बऱ्याच जणांना ते आठवत होतं. कार्यवाहांनाही. त्यांनी शालीची घडी घातली आणि म्हणाले की कमिटीपुढे ठेवतो.

"ठेवा," मी म्हणाले. "गाणं कुठलं ते आम्ही दोघी ठरवू. तालीम कधी आहे?"

"तालीम नसते आता. ट्रॅकला तालीम लागत नाही."

"आम्हाला लागते. शनिवारी अकरा वाजता. ढोलकीवाल्यांना मी फोन करते."

त्यांनी चिवडा घेतला.

त्यानंतर मी उरलेल्या सात गिटारी दाखवल्या आणि संदेशाचा खरा अर्थ सांगितला. थोडा गोंधळ झाला. एका काकांना वाटलं मी विनोद करते आहे. तरी त्या संध्याकाळी चार गेल्या. बारा तारांची तमिळ बाईंच्या मुलाकडे गेली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार एका बंगाली शेजाऱ्याने उचलली, तशीच त्याच्या वडिलांकडे होती म्हणाला. आणखी एक ढोलकीवाल्यांच्या घरासाठी कुणीतरी नेली. बीडकडची मुलगी बराच वेळ स्पेनवालीपाशी उभी होती.

"हिचा आवाज कमी आहे ना?" तिने विचारलं. "आमच्या पीजीच्या आंटी ओरडतात. आणि घरी कुणाला सांगू नका. त्यांना वाटेल अभ्यास सोडला."

"सोडलास?"

"नाही!" ती जरा मोठ्याने म्हणाली. मग, "दोन्ही करता येतं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. गिटार त्याने आणली होती, उत्तर त्याने द्यायचं होतं. तो आत गेला, कपाटाच्या मागून गिटारची पेटी काढली, फडक्याने पुसली. मग त्या मुलीला दहा मिनिटं समजावत बसला की मे महिन्यात लू, म्हणजे गरम वारं, सुटली की लाकूड सुकून तडकतं, म्हणून पेटीत ओला स्पंज ठेवायचा, पण साबणाच्या डबीत, थेट नाही. इतकी वर्षं ती गिटार का तडकली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. साबणाच्या डब्या कुठे जातात म्हणून मी मुलीला रागावत असे.

बीडकडची मुलगी गेल्यावर तो म्हणाला, "भिंतीवर घड्याळ लावू."

उरलेल्या तीनपैकी दोन पुढच्या आठवड्यात गेल्या. एकीची मान वाकली होती, ती दुरुस्तीवाल्याने सुट्या भागांसाठी नेली. फेब्रुवारीत आम्ही मयूर विहारला आलो. कपाटाचं दार पूर्ण उघडतं.

शनिवारच्या पहिल्या तालमीला आम्ही तिघं होतो: बाई, ढोलकीवाले आणि मी. दुसऱ्या तालमीला कार्यवाह आले, मागे उभे राहिले आणि गाणं संपल्यावर गेले. कमिटीचा निर्णय लेखी आलेला नाही. मी विचारलेला नाही.

इथे मी शनिवार सोडून रोज सकाळी अकरा ते बारा वाजवते, ॲम्प लावून, आवाज तीनवर. पाचव्या दिवशी सोसायटीचे सचिव वर आले. सभ्य गृहस्थ, हातात नियमांचं पत्रक. मी ते दारातच वाचलं. दुपारी दोन ते चार शांतता, रात्री दहानंतर शांतता. अकरा ते बारा याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. ते त्यांना बोट ठेवून दाखवलं.

"वो तो ठीक है मैडम," ते म्हणाले. "मगर ये कब तक चलेगा?"

"अप्रैल में प्रोग्राम है."

"अच्छा, अप्रैल तक." त्यांना जरा हायसं वाटलं. "और उसके बाद?"

"उसके बाद मई," मी म्हणाले.