बाईंच्या फोटोखाली काय लिहिलं होतं

शाळेतल्या आमच्या बाईंच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. जळकोटला ओढ्याकाठी पिंड मांडून तास झाला होता. ऊन चढलं होतं. मला झाड म्हणजे नुसता हिरवट डाग दिसतो. त्यात कावळा आहे की नाही, ते आवाजावरूनच कळायचं. आवाज नव्हता.

तेवढ्यात विश्वजित मोठ्यानं म्हणाला, "कावळा शिवंल कसा? हिनं बाईला शंभर वर्षं जगा म्हणलंय की!"

लोक हसले. दहाव्याला. तोंडावर रुमाल धरून हसले असतील. मला ऐकू आलं.

विश्वजित माझ्या वर्गातला. आमच्या गावात, बेंबळीत, सगळ्यात मोठी शेती त्यांची. आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्याचा अॅडमिन तोच. आणि तो म्हणाला ते खोटं नव्हतं. ते वाक्य मीच लिहिलं होतं. बाई गेल्या त्याच दिवशी.

माझी नजर जन्मापासून अधू. रंग कळतात. चेहरा नाकाशी आणला तर कळतो. अक्षर बोटाएवढं हवं. दुसरीत मी पाटीला डोळा टेकवून बसायचे. तेव्हा हाच विश्वजित ओरडला होता, "बाई, हिला पाटी पुरत न्हाय, हिला भिंत द्या!" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशानं धडा लिहिला, वीतभर अक्षरांत. मी त्या भिंतीवर वाचायला शिकले. पुढं एम.ए. झाले. आता गावच्या वाचनालयात काम करते, भिंग लावून पुस्तकं वाचते.

मोबाइल मला वाचून दाखवतो. पण लिहिलेलं असेल तरच. ग्रुपवर कुणी लिहीत नाही. वाढदिवस, सत्कार, लग्न, मयत, सगळ्याचं तयार रंगीत चित्र येतं आणि अक्षरं त्या चित्रातच. फोनमधला आवाज एवढंच म्हणतो, "फोटो." मोठं करून बघावं तर अक्षरं विरघळतात.

त्यासाठी बाई होत्या. निवृत्त होऊन जळकोटला गेल्या, तरी ग्रुपवरच्या प्रत्येक चित्रामागून मला एकटीला त्यांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं यायचं. "अगं, तेरखेड्याच्या सुमनच्या पोरीचं लग्न आहे. रविवारी. आहेर आणू नका म्हणतीय." मध्येच खोकायच्या. एक चित्र त्यांनी कधी सोडलं नाही.

त्या दिवशी सकाळी फोटो आला. मी फोन नाकाशी धरला. बाईंचा चेहरा. पांढरे केस. भोवती पिवळ्या फुलांची माळ. आठवडाभर ग्रुपवर त्यांच्या सत्काराचं बोलणं चाललं होतं. खाली उत्तरं होती. आवाज वाचत गेला, "जोडलेले हात. जोडलेले हात. जोडलेले हात." हात तर लोक वाढदिवसालाही जोडतात.

मी बाईंच्या बोलण्याची वाट पाहिली. तासभर. आलं नाही. वाटलं, स्वतःच्या सत्काराचं स्वतः कसं सांगतील, लाजल्या असतील. मग मी लिहिलं, "बाई, मनापासून अभिनंदन. शंभर वर्षं जगा."

लगेच उत्तरं आली. "आनंदाश्रू असलेला चेहरा," आवाज म्हणाला. "आनंदाश्रू असलेला चेहरा." हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडाचं ते चित्र. मला वाटलं, सगळ्यांनाच भरून आलंय.

एकानंही फोन केला नाही. संध्याकाळी भाऊ रानातून आला. म्हणाला, "जळकोटच्या बाई गेल्या न्हवं? दुपारी माती झाली म्हणं."

दहाव्याला हसणं ओसरल्यावर विश्वजित माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "राग मानू नको. पर तू ग्रुपमधनं निघून जा. काय महत्त्वाचं असलं तर तुझ्या भावाला फोन करतो की."

"बाई गेल्या तवा केलास?"

"गडबडीत राहिलं."

"मी निघणार न्हाय. चित्राखाली दोन ओळी लिहायच्या. कोण गेलं, कधी, कुठं."

"तुझ्या एकटीसाठी?"

मागून शाळेचे म्हातारे शिपाईमामा बोलले, "मला बी न्हाय दिसत रं त्यातलं. लई बारीक असतंय. म्या आपला हात जोडून मोकळा हुतो."

या वेळी कुणी हसलं नाही. कावळा आलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक पांगले.

कावळा शिवण्यावर माझा विश्वास नाही. तरी आजही फोटो आला की माझा हात थांबतो. मागून खोकला ऐकू येईल, "अगं" ऐकू येईल, म्हणून. येत नाही. आवाज पुढचं वाचतो, "फोटो."

आता मी प्रत्येक चित्राखाली लिहिते, "काय लिहिलंय?" उत्तर नाही आलं तर परत लिहिते. कधी कुणी दोन ओळी टाकतं. पुष्कळदा नाही. विश्वजित चिडतो. मला ग्रुपमधून काढायचं तर सगळ्यांदेखत काढ, हे मी त्याला ग्रुपवरच लिहिलंय.

बाईंच्या मरणाला माझ्या हातून अभिनंदन गेलं. ते पुसून टाक, असं चौघांनी सांगितलं. मी पुसलेलं नाही. ज्यांना दिसतं, त्यांना ते दिसत राहू दे.

हिला भिंत द्या, विश्वजित म्हणाला होता. ग्रुपची ही भिंत मी घेतली आहे. इथं आता मला वाचता येईल असंच लिहावं लागेल.