बॉयलरमामांची उदबत्ती

बॉयलरमामा कुणाच्याही घरी आले की पाणी मागायच्या आधी कशाला ना कशाला पालथा हात लावायचे. फ्रिजच्या पाठीला, मिक्सरला, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला. सगळी हयात एका साखर कारखान्यात बॉयलरपुढं गेलेली. "तळहात निबर असतोय, खोटं बोलतोय. पालथा हात खरं सांगतोय," म्हणायचे. आमच्या गावच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत त्यांचं खरं नाव किती जणांना ठाऊक होतं, देव जाणे.

आई एकटी पडली म्हणून मी पुण्याची नोकरी सोडून घरी आले होते. अजून न बांधलेली इमारत आतून फिरून दाखवणारी फिल्म कॉम्प्युटरवर करायचं काम एका बिल्डरनं दिलं होतं. ती ठरल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पोचली तर वर्षभराचं काम घरबसल्या, नाहीतर पुन्हा पुणं आणि आई पुन्हा एकटी. आणि मेलं नेमकं त्याच दिवशी ग्राफिक्स कार्ड तापायला लागलं! तापमानाचा आकडा नव्वदच्या वर गेला की पडदा काळा. मी शेजारी टेबलफॅन लावून बघितला, रडून घेतलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळा. बारा वाजून गेले. शेवटी आईच मामांना घेऊन आली.

मामांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला पालथा हात लावला. "भट्टी झालीया की गं! हवा आत कुठनं येती?"

"पुढून. मागच्याच महिन्यात मी स्वतः जादा पंखा बसवलाय."

"बसवलास. बघितलंस का?"

देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून त्यांनी माझ्या त्या पंख्यापुढं धरली. धूर आत जायचा सोडून सरळ माझ्या तोंडावर आला. मागं धरली, तिथंही बाहेरच. "दोन्ही भाईरच फुकाय लागल्यात. मग आत घ्यायची कुणी, तुझ्या आज्यानं?" पंखा मी उलटा बसवला होता. भट्टीतला वारापण आपण असाच बघायचो, असं ते म्हणाले. मला कसलं ऐकायला होतंय, माझं लक्ष घड्याळाकडं.

पंखा फिरवून झाला. कार्ड बाहेर काढलं तर त्याच्या पत्र्यांमध्ये धुळीचं घोंगडंच बसलेलं. मामांनी ब्रश आणि सायकलचा पंप मागवला आणि म्हणाले, "आता तू भाईर हो."

"मी थांबते ना, मामा."

"भाईर हो म्हणतोय न्हवं! तुझ्या धास्तीनं माझा हात हालाय लागलाय."

त्यांनी दार लावून घेतलं. आतून पंपाचा फसफस आवाज आणि खोकला. खोकला थांबेना. मी दारावर थापा मारल्या आणि ओरडले, "मामा, आवरा की लवकर! दोन वाजत आले!" आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

कार्ड बसवलं. आकडा सत्तर, बहात्तर, चौऱ्याहत्तर. आईनं हात जोडले. आकडा तिथंच थांबला. पाचला दहा मिनिटं असताना फिल्म बिल्डरकडं गेली. मामांनी कॅबिनेटला पालथा हात लावला, "आता शाणं झालंय," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मामांना जाऊन आता दोन वर्षं झाली. भेटायला गेले तेव्हा मामींनी सांगितलं, "डॉक्टरनं धुळीच्या वाऱ्याला उभं ऱ्हाऊ नका म्हणून बजावलं हुतं. तुझ्याकडनं आलं आणि रातभर खोकत बसलं. मी तोंड सोडलं तर म्हणत्यात, पोरीच्या छातीत जाण्यापरास माझ्यात गेलेली बरी. माझी तर भरल्यालीच हाय."

मला वाटलं होतं, माझी लुडबुड नको म्हणून हाकललं.

आता दर महिन्याला मी तोंडाला रुमाल बांधून कॅबिनेट उघडते. आधी उदबत्ती लावून वारा बघते, मग पंप घेते. आवाज ऐकून आई दारात येते. "काही धरू का गं?"

"भाईर हो आधी!" मी खेकसते आणि दार लावून घेते. ती बाहेर बडबडत बसते, लेक फार तुसडी झालीय म्हणून. बडबडू दे. मी घरात आहे, ते मामांमुळं.