लासूरचा उजेड

भर उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून रोल तपासणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी. लग्न नवं होतं, कॅमेरा त्याहून नवा आणि अक्कल अजून यायची होती. दर्यापूरजवळ लासूरला आनंदेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. त्याच्या मंडपाला मधोमध छतच नाही. वरच्या गोल उघडीतून ऊन थेट खाली उतरतं. त्या उन्हात मी ह्यांना बसवलं. ‘हलू नका’, ‘हसू नका’ करत रोल संपवला आणि नीट गुंडाळला गेला का, ते पाहायला तिथंच झाकण उघडलं. सगळं गेलं. तरी अमरावतीच्या स्टुडिओत ‘एक तरी प्रिंट काढाच’ म्हणून मी अडून बसले. पांढरीफटक आली. त्यावर हे जे बोलले, त्यानं मी दोन दिवस फुगून होते.

आता हे नाहीत. निदान तो उजेड तरी त्यांच्या जागेवर पकडावा, म्हणून पौषात पुण्याहून एकटीच निघाले. सोबत नातीचा जुना डिजिटल कॅमेरा.

अमरावतीला उतरल्यावर गिलावडा (दह्यात बुडवलेला वडा) मागवला. सवयीनं तोंडातून ‘दोन प्लेट’ गेलं. दुसरीही मीच संपवली. दुःख वेगळं, गिलावडा वेगळा.

एसटीत शेजारच्या सीटवर कॅमेऱ्याची बॅग ठेवली होती.

“आजी, इचं तिकीट काढू काय?” कंडक्टर म्हणाला.

“अर्धं काढ बाबा, लहान आहे.”

तो हसला आणि पुढे गेला. वलगाव मागे पडलं. मग बाहेर नुसती काळी जमीन, वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) आणि मधूनच हिरवा हरभरा.

देवळात कोणी नव्हतं. थंड दगडावर अनवाणी पाय ठेवला आणि आपलाच श्वास मोठ्यानं ऐकू आला. इतकी शांतता मला हवी होती का, कोण जाणे. बारा वाजले. ऊन उतरलं, पण मधोमध नाही; पलीकडच्या खांबाशी. ह्यांची जागा सावलीतच राहिली. तेव्हा आम्ही वैशाखात आलो होतो, सूर्य डोक्यावर होता. आता तो कलंडलेला. आणि ही बाई जन्मभर भूगोल शिकवत होती!

तरी मी उजेड आणि ती रिकामी जागा एकाच चौकटीत घेतली. सवयीनं बोटं झाकण शोधू लागली. झाकण नव्हतंच, पडदा होता.

हरभऱ्याची भाजी खुडून आलेली एक बाई देवाला नमस्कार करून माझ्यामागे येऊन उभी राहिली.

“एकल्याच आल्या काय वो? पाहू बरं फोटो.” तिनं पडद्यावर वाकून पाहिलं. “अवो माय! इतक्या दुरून येऊन फरशी काढली?”

“माणूस आणायचं राहिलं,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ओंजळभर भाजी माझ्या पिशवीत टाकली.

संध्याकाळी अकोल्याला पुण्याची गाडी पकडली. खिडकीबाहेर दिसेनासं झाल्यावर कॅमेरा काढला. खांबाशी ऊन सोन्यासारखं आलं होतं आणि मधली फरशी काळी. तेव्हा स्टुडिओच्या दारात ती पांढरी प्रिंट उन्हाकडे धरून हे म्हणाले होते,

“उजेड मस्त आला वो. मीच तेवढा नाई दिसून राहिलो.”