अनुस्वार नसलेली सही

ती सही अजून माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. नोकरीत खोट्या सह्या ढिगाने पाहिल्या. खरी सही खरी आहे हे सिद्ध करायची वेळ मात्र एकदाच आली.

निवृत्तीआधीची माझी ती शेवटची विधानसभा निवडणूक. कोल्हापूरपासून तासाभरावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या सत्तावीस वर्षांच्या एका पोराने अपक्ष अर्ज भरला होता. एम.ए. झालेला. गावच्या पोरींना कॉलेजला जायला एसटी मिळावी म्हणून डेपोच्या दारात बसून राहिलेला. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. याच्या दहांत पहिली सही वडिलांची होती.

छाननीच्या दिवशी तेच वडील आमच्या ठाण्यात तक्रार घेऊन हजर झाले. 'मी निरक्षर असून आजवर केवळ अंगठा उठवत आलो आहे. सदर सही माझी नाही.' खाली निळा अंगठा. तशीच हरकत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडेही गेली होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ दिली. सही खोटी ठरली असती तर पोराचा अर्ज बाद, वर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा. आमदारकी राहिली बाजूला, कळंब्याच्या तुरुंगाची वाट.

'सदर' आणि 'केवळ' बोलणारा निरक्षर माणूस मी तोवर पाहिला नव्हता. हवालदार कानाशी येऊन म्हणाला, "सायब, ह्यो दूध संस्थेत कॅन उतरवतोय. तिथला चेअरमन कुणाचा परचार करतोय, ते मी सांगाय पायजे काय?"

गुन्हा नोंदवण्याआधी दोघांची चौकशी करायची ठरवली. पोराला बोलावून घेतलं. वडिलांना बाहेर बाकावर बसवलं, त्याला माझ्या केबिनमध्ये.

"पावणं, ही सही कुणाची?" मी वडिलांना विचारलं.

"मला सही येत न्हाय."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. मी उठलो तसे ते हळूच म्हणाले, "सायब, पोरानं सकाळपास्नं काय खाल्लंय का?"

फिर्यादी आरोपीच्या जेवणाची चौकशी करायला लागला की समजावं, फिर्याद त्याची नाही. पण समजणं वेगळं आणि पुरावा वेगळा. पुराव्याला माझ्याकडे अर्जाची प्रत होती, तीही वडिलांच्याच बाजूने बोलत होती. त्यांचं नाव इथे सांगत नाही, पण त्या नावात एक अनुस्वार आहे. सहीत तो नव्हता. स्वतःचं नाव कोण चुकवेल?

आत पोरगा मान खाली घालून बसला होता. "लिहा साहेब, मीच केली," म्हणाला.

मला राग आला. "एम.ए. झालास आणि बापाच्या नावातला अनुस्वार खाल्लास होय रे?"

तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले.

"चौथीत होतो, साहेब. सगळ्यांच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही, माझ्याच पुस्तकावर अंगठा. लाज वाटायची. मग मीच आबांना पाटीवर सही गिरवायला दिली. अनुस्वार मीच विसरलेलो. पुढं कळलं तवा सांगितलं, तर म्हणाले, 'आता हात बसलाय, ऱ्हाऊ दे की.'"

"मग आत्ता खोटं का बोलतोस?"

"खरं बोललो तर आबांची नोकरी जाईल. त्यांच्यावर दाब आलाय ते मला कळतंय. पण पहिली सही मला त्यांचीच पायजे होती."

शिपायाला त्यांच्या घरी पाठवलं. त्याच्याबरोबर पोराची आई आली, हातात कापडी पिशवी. पिशवीत चौथीपासून दहावीपर्यंतची प्रगतिपुस्तकं. प्रत्येक चाचणीखाली तीच सही, अनुस्वार नसलेली. मी ती वडिलांसमोर ठेवली. त्यांनी एका सहीवरून बोट फिरवलं आणि ढसाढसा रडले.

"ही सही मी फकस्त पोराच्या कागदावर करतो, सायब. बाकी जगाला अंगठा."

नवा जबाब झाला. कागद पुरा होताच हवालदाराने सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. म्हाताऱ्याने तो बाजूला सारला. "पेन द्या की." मग जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढायला लागला. पोरगा दारात उभा राहून बघत होता.

"आबा, अनुस्वार," तो म्हणाला.

"गप रं," म्हातारा म्हणाला आणि सही तशीच पुरी केली.

दुसऱ्या दिवशी अर्ज वैध ठरला. वडिलांची नोकरी आठवड्यात गेली. पोरगा पडला, अनामतही राहिली नाही. मतमोजणीच्या बंदोबस्तात मी दोघांना पाहिलं, एकाच मोटारसायकलवरून घरी निघालेले. खरं सांगतो, मला त्या हरलेल्या पोराच्या बापाचा हेवा वाटला.

माणसाची खरी सही कुठली, हे कायद्याच्या पुस्तकात नाही. ज्याच्यासाठी तो ती शिकला, त्याच्याच कागदावर ती सापडते. एवढं त्या प्रकरणाने शिकवलं, पण मला उशिरा शिकवलं.

माझा मुलगा आता परदेशात असतो. मतमोजणीच्या त्या आठवड्यात मी कपाटातून त्याची जुनी प्रगतिपुस्तकं काढली. सगळ्या सह्या त्याच्या आईच्या. मी कायम कुठल्यातरी बंदोबस्तावर. पाचवीच्या एका चाचणीखाली मात्र सहीची चौकट मोकळी होती. तिच्यात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाबा आल्यावर'.

मी पेन हातात घेतलं. सही करायला हात उचलेना.