माठातलं पाणी

पिण्याचं पाणी फोटो धुवायला घालवायचं नाही, ही अक्कल मी सासरी आल्यावर तिसऱ्याच महिन्यात पाजळली. कॉलेजात सायन्स घेऊन पहिल्याच वर्षी नापास झाले होते, त्यामुळं घरातली शास्त्रज्ञ मीच. महिन्यापूर्वी नांदेडला लेकीकडं असताना अक्का गेल्याचा फोन आला, तर आधी त्यांचा चेहरा आठवला नाही... तो माठ आठवला.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. परभणीत आमचा फोटो स्टुडिओ होता. पाटीवर नाव मामंजींचं, कॅमेरा आमच्या यांच्या हातात, आणि मागच्या डार्करूममध्ये अक्का. थोरले दीर लग्नानंतर दोन वर्षांत गेले. विधवा सून गिऱ्हाइकांपुढं नको म्हणून मामंजींनी त्यांना अंधारात बसवलं. खिडकीला काळा रंग, दाराला आतून कडी. पण अक्का तिथं अशा तयार झाल्या की फिल्म असो नाहीतर कागद, ज्यावर चित्र उमटतं त्या लेपाची बाजू कुठली हे कोपरा ओठाला लावून ओळखायच्या. लेपाची बाजू ओठाला जराशी चिकटते. पुढं मीही शिकले. पहिल्याच खेपेला कोपरा सोडून भलतीकडंच ओठ टेकवले आणि नवरदेवाच्या मामाच्या कपाळावर माझा मुका उमटला. अक्का त्या लाल दिव्यात पोट धरून हसल्या होत्या.

पण ते नंतरचं. मी सासरी आले त्या उन्हाळ्यात अक्का चोरून शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा अर्ज भरत होत्या. मॅट्रिक झालेल्या होत्या. लातूरला वसतिगृहात राहायचं, नोकरी धरायची, परत यायचं नाही, एवढं त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. मामंजी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेले, तेवढ्यात यांनी काही न विचारता अक्कांचा फोटो काढला. अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. दुसऱ्या स्टुडिओत जावं, तर मामंजी गाडीतून उतरायच्या आत त्यांच्या कानावर गेलं असतं.

फिल्म तयार झाली आणि सासूबाईंनी हाक मारली, म्हणून अक्कांनी शेवटचं धुणं माझ्यावर सोपवलं. माठातलंच घाल बरं, टाकीचं नको, असं दोनदा बजावलं. मे महिना, नळाला चार दिवसांआड पाणी. मी मनाशी म्हटलं, माणसं घसा कोरडा करून बसलीत आणि फोटोला गार पाणी? टाकीचा नळ सोडला. गच्चीवर तापलेलं पाणी, हाताला चटका बसला, तरी डोक्यात उजेड पडला नाही. फिल्मवरचा लेप आधी सुरकुतला, मग दुधावरची साय सरकावी तसा सरकला. अक्कांचा चेहरा, पदर, सगळं मोरीत वाहून गेलं. दुसरा फोटो काढू म्हणेपर्यंत मामंजी दारात हजर.

पुढच्या वर्षी मामंजींना लकवा झाला, त्यांचं करायला अक्काच. मग वय निघून गेलं. मग रंगीत फोटो आले, मग मोबाइल... अर्ध्या जिल्ह्याची लग्नं ज्या हातांनी कागदावर उतरवली, त्या बाईला हार घालायला घरात एक फोटो सापडला नाही. आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात त्या कुणावर तरी चिडल्यासारख्या दिसतात. कुणावर, ते मला ठाऊक आहे.

डार्करूममध्ये आता धान्याच्या कोठ्या आहेत, पण कडी अजून आतूनच आहे. तेराव्यानंतर मी आत जाऊन ती लावली आणि बसून राहिले. बाहेरून सुनेनं दोनदा हाक मारली.

लेप वाहून गेला त्या दिवशी याच दारात मी फिल्मची ती कोरी पट्टी घेऊन रडत उभी होते. अक्का आत कुणाच्या तरी लग्नाचे फोटो करायला बसल्या होत्या. त्यांनी पट्टी घेतली, माझ्या दिशेनं उजेडाला धरली. बराच वेळ बघत राहिल्या... त्यातून पलीकडची मीच दिसत असेन त्यांना. मग पट्टी खाली ठेवून म्हणाल्या, "आत ये अन् कडी लाव. उजेड यायलाय."